‘डिसेंटिंग’ कोणाला म्हणायचं?

सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, की त्यातल्या एकाचा निकाल ‘डिसेंटिंग’, म्हणजे बहुमताशी असहमत, म्हणून सांगितला जातो. इथेच चूक होते. एकास एक अशी मतं पडली की बहुमतच उरत नाही. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातं. त्याला ‘स्प्लिट’ निकाल म्हणतात. ‘डिसेंटिंग’ला समोर बहुमत लागतं: दोनास एक, चारास एक.

मूळ लॅटिन. ‘सेंटिरे’ म्हणजे वाटणं, ‘डिस्’ म्हणजे वेगळं. सतराव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडशी न जुळलेल्या प्रोटेस्टंटांना ‘डिसेंटर’ म्हणत. १६८९ च्या टॉलरेशन अ‍ॅक्टने त्यांना वेगळ्या उपासनेची मुभा दिली. मोठ्या गटापासून बाजूला होणं हा अर्थ अजूनही शब्दाला चिकटून आहे. म्हणून ‘डिसेंट’पुढे ‘फ्रॉम’ येतं, ‘विथ’ नाही. आपण ‘डिसअ‍ॅग्री विथ’च्या सवयीने हमखास घसरतो.

आपल्या संविधानातही हे विशेषण आहे. अनुच्छेद १४५(५) नुसार सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय बहुमताने होतो, पण सहमत नसलेल्या न्यायाधीशाला ‘डिसेंटिंग जजमेंट’ देता येतं. तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. हिदायतुल्ला यांनी मिरजकर प्रकरणात (१९६६) नऊ जणांच्या पीठात एकट्याने ते दिलं. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, या जबलपूर प्रकरणात (१९७६) चारास एक असा ‘नाही’चा निकाल लागला. तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. असं मत बंधनकारक नसतं, पण नोंदीत राहतं. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात जबलपूरचा बहुमताचा निकाल रद्दबातल ठरला.

कोर्टाबाहेर ‘डिसेंटिंग व्हॉइस’ चालतो. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये असहकाराच्या ठरावाविरुद्ध उभे राहिलेले जिना हे त्याचं चपखल उदाहरण.

मराठीत ‘विरोधी निकाल’ लिहू नये. तो पक्षकाराच्या विरोधात गेलेला निकाल वाटतो. ‘भिन्नमताचा निकाल’ बरा. जवळचे वाटणारे इंग्रजी शब्दही जपून वापरा. ‘डिसिडेंट’ म्हणजे राजवटीशी भिडणारा. ‘कंटेन्शस’ बहुधा मुद्द्याला लागतं, म्हणजे वादग्रस्त. ‘डिसअ‍ॅग्रीएबल’ तर निव्वळ खडूस किंवा नकोसा. सहकाऱ्याचं मत वेगळं आहे एवढंच सांगायचं असेल तर हा शब्द महागात पडेल.

‘डिसेंट’च्या स्पेलिंगमध्ये डी-आय आणि मग दोन एस. डी-ई-एस-सी लिहिलंत, तर उच्चार तोच राहतो, पण अर्थ होतो उतार.