पॉम्पेईच्या भिंतींची चकाकी मेणाची नव्हे

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातली भित्तिचित्रं वितळलेल्या मेणात रंग कालवून काढली, म्हणूनच ती चमकतात, असं अठराव्या शतकापासून सांगितलं जातंय. चमक खरी, कारण चुकीचं. नमुन्यांत मेण सापडतं, पण बऱ्याच ठिकाणी ते उत्खननानंतर चित्रं टिकावीत म्हणून फासलेलं आहे!

चमक आहे गिलाव्याची. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो: वाळू-चुन्याचे तीन थर, वर संगमरवराच्या भुकटीचे तीन, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक, आणि भरपूर घोटाई. रंग नुसत्या पाण्यात कालवून ओल्या गिलाव्यावर लावायचा. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्साइट (एक कठीण खनिज) बनतो आणि रंगाचे कण त्यातच अडकतात. डिंक नको, सरस नको.

खलात घोटलेला गेरू घ्या. थोडा ओल्या चुन्यावर लावा, थोडा कोरड्या भिंतीवर. काही दिवसांनी बोट फिरवा. कोरड्यावरचा बोटाला लागतो, चुन्यातला सहसा नाही. (चुना भाजतो, हातमोजे घाला.)

मेण लागायचं ते हिंगुळाला. हा महागडा लाल रंग उन्हात काळवंडतो, म्हणून त्यावर गरम मेणाचा हात फिरवायचे. बहुधा या एका अपवादाचाच पुढे नियम झाला.