रस्त्यावरचा फोटो आणि भिंतीवरचा फोटो

स्ट्रीट फोटोग्राफी करणारा आणि शहरातले दुर्लक्षित तपशील टिपणारा, दोघंही त्याच गल्ल्यांतून हिंडतात. म्हणून लोक त्यांना एकाच माळेत ओवतात. पण पहिला थांबतो तो काहीतरी घडेल म्हणून, दुसरा जे घडून गेलंय त्याच्यापुढे.

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा फोटो बघा. पॅरिसच्या गार सँ-लाझार स्टेशनामागे साचलेल्या पाण्यावरून एकजण उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायच्या बेतात आहे. डोळ्याचं पातं लवलं असतं तर हाती फक्त शिंतोडे आले असते. त्याच दशकात, त्याच शहरात ब्रासाई हा फोटोग्राफर भिंतींवर कोरलेले चेहरे, बदाम, रेघोट्या टिपत होता. जागा वहीत लिहून ठेवायचा आणि काही वर्षांनी त्याच भिंतीपुढे पुन्हा उभा राहायचा. १९५६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये या भिंतींचं प्रदर्शन झालं.

हत्यारंही त्यामुळेच वेगळी. रस्त्यावर २८ किंवा ३५ मिमीची, जास्त परिसर सामावणारी लेन्स, फोकस आधीच ठरवलेला, शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान. तपशिलाला ट्रायपॉड आणि भरपूर सबुरी.

‘भिंत काय, कुठे पळून जातेय?’ असं मलाही वाटायचं. एका लोखंडी फाटकावर रंगाचा तळहाताएवढा पोपडा सुटला होता: वर हिरवा, त्याखाली निळा, तळाशी गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा विटकरी थर. पहिल्यांदा भर दुपारी गेलो. ऊन समोरून पडलेलं, सगळं सपाट, पोपडा नुसता डाग दिसत होता. दुसऱ्यांदा सकाळी गेलो, तेव्हा तिरप्या उन्हात त्याच्या कडेची बारीक सावली पडली आणि थर सुटे झाले. पण एफ/४वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवल्यावर, कड धारदार, मागचा पत्रा पुसट. तिसऱ्यांदा ट्रायपॉड लावून छिद्र लहान करून एफ/११वर काढला, कॅमेरा पत्र्याला अगदी समांतर धरून. तरी डाव्या कोपऱ्यात कडीचं टोक आलंच. चार बोटं सरकलो आणि ती कडी गेली तेव्हा कुठे ते फाटक राहिलं नाही, नुसते रंग उरले. रस्त्यावर फोटो फसला तर नशिबाला बोल लावता येतो. इथे ती सोय नाही, म्हणून मला हेच काम जास्त अवघड वाटतं.

अमेरिकन फोटोग्राफर ॲरन सिस्किंड हा दोन्हींमधला पूल म्हणता येईल. १९३०च्या दशकात त्याने न्यूयॉर्कच्या फोटो लीग या फोटोग्राफरांच्या संघटनेत राहून तिथल्याच हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या माणसांच्या जगण्याची नोंद केली, आणि १९४०च्या दशकात तो फाटक्या पोस्टरांकडे, सोललेल्या रंगाकडे वळला. त्या फोटोंत मापाचा पत्ताच लागत नाही: हे वीतभर आहे की इमारतीएवढं? स्ट्रीट फोटोत असं सहसा होत नाही, माणूस दिसला की माप आपसूक कळतं. ओळखायला मला तरी हीच खूण सगळ्यात कामाची वाटते.

आता अर्व्हिंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरने १९७२ साली रस्त्यावरची सिगारेटची थोटकं उचलून स्टुडिओत नेली आणि त्यांचे मोठाले प्लॅटिनम प्रिंट (चांदीऐवजी प्लॅटिनम वापरून केलेले छाप) काढले, ते कुठे टाकायचे? रस्ता तर फोटोत औषधालाही नाही. तरी मी ती थोटकं ब्रासाईच्या शेजारी ठेवीन.