सभामंडपाचा घुमारा, मिक्सरच्या वाटेने

समजा, कुडाळात एका घरात भिंतींना गाद्या टेकवून भजन रेकॉर्ड केलंय. बुवा, पेटी, पखवाज, झांज असे चार ट्रॅक. आवाज स्वच्छ आलाय पण कोरडा, देवळातला घुमारा त्यात नाही. मग प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (घुमारा तयार करणारा इफेक्ट) टाकला जातो आणि तिथेच बिघडतं. चार रिव्हर्ब म्हणजे चार खोल्या; मंडळी एकत्र बसल्यासारखी वाटतच नाहीत. शिवाय कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चौपट ओझं.

त्याऐवजी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मिक्सरमध्ये एक रिकामा बस (अनेक ट्रॅकचा आवाज जिथे एकत्र येतो ती वाट) घ्या आणि रिव्हर्ब एकदाच तिथे टाका. वेट (घुमारा) १०० टक्के, ड्राय (मूळ कोरडा आवाज) शून्य. मूळ आवाज आपल्या फेडरमधून (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) मास्टरला, म्हणजे शेवटच्या एकत्रित आउटपुटला, जातोच आहे. ड्राय चालू राहिला तर तोच आवाज बसमधूनही पोचतो आणि उगाच फुगतो. त्यात तो एक मिलिसेकंद जरी मागे पडला, तर ५०० हर्ट्‌झ, १५०० हर्ट्‌झ अशा ठिकाणी खाचा पडतात, म्हणजे तिथला आवाज कापला जातो. बुवा डब्यात तोंड घालून गातायत असं वाटतं.

आता चारही ट्रॅकवरून बसकडे सेंड (ट्रॅकच्या आवाजाची एक प्रत) काढा, पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या नंतरून. प्री-फेडर (फेडरच्या आधीून) असेल तर पखवाजाचा फेडर खाली आणला तरी घुमारा तेवढाच राहतो, पखवाज भिंतीपलीकडे वाजल्यासारखा. बुवांचा सेंड उणे १२ डेसिबलपासून चढवत न्या. झांज मुळातच रेंगाळते, तिला कमी द्या. पखवाजाला सर्वांत कमी. त्याच्या धुमेची (खर्जातल्या बाजूची) घुसळण झाली की शब्द गढूळ होतात, म्हणून रिव्हर्बच्या आधी २५० हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचा खर्ज कापणारा) लावाच.

रिव्हर्बमधला कॅथेड्रलचा (मोठ्या चर्चचा) तयार प्रीसेट इथे नको. आपला सभामंडप कौलारू, लाकडी खांबांचा, बाजूंनी बराचसा उघडा. आवाज बाहेर निघून जातो. घुमारा सव्वा ते दीड सेकंद पुरे. प्री-डिले (मूळ आवाजानंतर घुमारा सुरू होईपर्यंतचा वेळ) २० मिलिसेकंद ठेवा. ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे पहिला पडसाद थेट आवाजापेक्षा ७ मीटर लांबच्या वाटेने आला. तेवढ्या वेळात बुवांच्या अक्षराची सुरुवात कानात शिरलेली असते.

गजराला लय चढली की सेकंदाला चार ठोके पडतात आणि दीड सेकंदाच्या घुमाऱ्यात सहा ठोके एकमेकांवर चढतात. तिथे झांज-पखवाजाचे सेंड ऑटोमेशनने (गाणं चालू असताना सॉफ्टवेअर आपोआप बदल करतं ती सोय) ५-६ डेसिबल उतरवा, बुवांचा तसाच राहू द्या.

घुमारा ऐकूच येत नसेल, तर आधी बसचा आउटपुट मास्टरला जोडलाय का ते पाहा. आणि एखादा ट्रॅक सोलो केल्यावरच (बाकीचे बंद ठेवून एकटाच ऐकल्यावरच) घुमारा गायब होत असेल, तर बसला सोलो-सेफ करा, म्हणजे सोलोमध्ये बस बंद होणार नाही.