क्रोएशियातील पत्रकार

क्रोएशियातले नामवंत पत्रकार नुसते बातमीदार म्हणून क्वचितच राहिले. कोणी कादंबरीकार झाले, कोणी राजकारणात गेले, कोणाला तुरुंग भोगावा लागला, तर काहींना जीव गमवावा लागला. देशाचे निर्णय व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि पुढे बेलग्रेडमध्ये होत असल्याने मातृभाषेतल्या वृत्तपत्रावर तिथे फार मोठा भार होता. झाग्रेबमध्ये १७७१ साली वृत्तपत्र निघाले, पण ते लॅटिनमध्ये. १८३५ साली ल्युदेवित गाइ यांनी लोकभाषेतले वृत्तपत्र आणि ‘दानित्सा’ ही साहित्य पुरवणी काढली. आजचे क्रोएशियन राष्ट्रगीत कविता म्हणून प्रथम याच पुरवणीत छापले गेले. क्रोएशियन लिपीत अक्षरांच्या डोक्यावर दिसणाऱ्या खुणांची पद्धतही मुख्यतः गाइ यांनीच रूढ केली.

या परंपरेतले सर्वांत विलक्षण नाव मारिया युरिच झागोर्का (१८७३–१९५७) यांचे. घरच्यांनी त्यांचे लग्न वयाने बऱ्याच मोठ्या हंगेरियन रेल्वे अधिकाऱ्याशी बळजबरीने लावून दिले. त्या संसारातून त्या पळून आल्या. मात्र हंगेरियन भाषा आणि तारयंत्र चालवण्याची विद्या ही तिथली कमाई त्यांना जन्मभर पुरली. १८९६ साली झाग्रेबच्या ‘ओब्झोर’ या दैनिकात बाई नेमायला व्यवस्थापन राजी नव्हते. बिशप श्ट्रॉसमायर यांनी शब्द टाकला तेव्हा कुठे काम मिळाले, पण कार्यालयात येणाऱ्यांना बाई दिसू नये म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत, पडद्याआड बसवण्यात आले. १९०३ साली बान (म्हणजे क्रोएशियाचे राज्यपाल) खुएन-हेडरवारी यांच्या राजवटीविरुद्ध चळवळ पेटली आणि ‘ओब्झोर’चे संपादक गजाआड गेले. तेव्हा पडद्याआडच्या याच बाईंनी सुमारे पाच महिने अंक काढला. त्यांनाही दहा दिवस एकांतकोठडी झाली. पुढे बुडापेस्टच्या संसदेतून त्यांनी पाठवलेल्या वार्तापत्रांमुळे ‘ओब्झोर’चा वाचक वाढला.

सामान्य क्रोएशियन वाचक जर्मन करमणुकीच्या पुस्तकांत रमलेला होता. त्याला आपल्या भाषेकडे वळवण्यासाठी झागोर्का यांनी वृत्तपत्रांतून क्रमशः ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. अठराव्या शतकातल्या झाग्रेबमधली, चेटकीण ठरवली गेलेली सरदारकन्या नेरा ही त्यांची नायिका घराघरांत पोचली. समीक्षकांनी या लेखनाला दीर्घकाळ हलके ठरवले. हा अन्यायच होता, कारण ज्या स्त्रियांच्या हाती पूर्वी पुस्तक नव्हते त्यांना वाचायची गोडी याच लेखनाने लावली. १९२५ साली त्यांनी ‘झेन्स्की लिस्ट’ हे स्त्रियांसाठीचे नियतकालिक सुरू केले. १९४१ साली नाझींच्या पाठबळावर सत्तेत आलेल्या उस्ताशा या क्रोएशियन फॅसिस्ट संघटनेच्या राजवटीने त्यांचे पुढचे नियतकालिक बंद पाडले आणि वर्गणीचे पैसेच नव्हे, तर घरातले सामानसुमानही जप्त केले. झाग्रेबच्या त्काल्चिचेवा रस्त्यावर आज त्यांचा छत्री घेतलेला पुतळा उभा आहे. क्रोएशियन पत्रकार संघाचे वार्षिक पुरस्कार त्यांच्या नावाने दिले जातात. जीवनगौरव पुरस्काराला मात्र ओतोकार केर्शोवानी यांचे नाव आहे. या कम्युनिस्ट पत्रकाराला उस्ताशांनी जुलै १९४१ मध्ये गोळ्या घातल्या.

राजकारणात शिरलेल्या संपादकांत फ्रानो सुपिलो (१८७०–१९१७) अग्रभागी होते. १९०० साली त्यांनी रियेका येथे ‘नोवी लिस्ट’ सुरू केले. क्रोएशियन राजकारण्यांनी हंगेरियन विरोधी पक्षांशी सहकार्याची भूमिका मांडलेल्या १९०५ च्या रियेका ठरावामागेही तेच होते. ऑस्ट्रियन इतिहासकार फ्रीडयुंग यांनी सुपिलो यांच्यासह क्रोएट-सर्ब आघाडीच्या नेत्यांवर सर्बियाशी संगनमताचे, बनावट कागदपत्रांच्या आधारे केलेल्या आरोपांवरून १९०९ साली व्हिएन्नात खटला गाजला. त्यात कागद खोटे ठरले, तरी सुपिलो यांना या आघाडीपासून दूर व्हावे लागले. त्यांचा मृत्यू लंडनमध्ये झाला.

क्रोएशिया युगोस्लाव्हियातून वेगळा होताना पेटलेल्या १९९१ च्या युद्धात सिनिशा ग्लावाशेविच हे वुकोवार रेडिओवरून युगोस्लाव सैन्य आणि सर्ब दलांच्या वेढ्यातल्या शहराची खबर देत होते. बातम्यांबरोबर ते स्वतः लिहिलेल्या छोट्या गोष्टीही वाचून दाखवत. तोफा कोसळत असताना तळघरात बसलेली माणसे त्या ऐकत. १८ नोव्हेंबरला शहर पडले. त्यानंतर रुग्णालयातून नेलेल्या लोकांबरोबर शहराजवळच्या ओव्चारा येथे त्यांची हत्या झाली. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी त्या गोष्टींचे पुस्तक निघाले.

त्याच काळात स्प्लिटमध्ये व्हिक्टर इवान्चिच, प्रेद्राग लुसिच आणि बोरिस देझुलोविच यांच्या ‘फेराल ट्रिब्यून’ या व्यंगप्रधान साप्ताहिकाने स्वतःच्याच बाजूचे युद्धगुन्हे छापण्याचे धाडस केले. १९९३ च्या अखेरीस क्रोएशियाचे अध्यक्ष तुजमान आणि सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांना एकाच पलंगावर दाखवणारे जोडचित्र मुखपृष्ठावर आले, आणि लगेच संपादक इवान्चिच यांना लष्करात भरतीचे फर्मान निघाले. पुढे या साप्ताहिकावर अश्लील प्रकाशनांसाठीचा ५० टक्के कर लादण्यात आला. २००८ साली पैशाअभावी ते बंद पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नासिओनाल’ या साप्ताहिकाचे इवो पुकानिच झाग्रेबमध्ये बाँबस्फोटात मारले गेले.

पत्रकार-लेखिका स्लावेंका द्राकुलिच यांच्यासह पाच लेखिकांना १९९२ साली एका साप्ताहिकाने ‘चेटकिणी’ ठरवले. द्राकुलिच पुढे हेगच्या युद्धगुन्हे खटल्यांवर लिहून जगभर वाचल्या गेल्या. ‘फेराल’मधून घडलेले इविचा जिकिच आधी ‘नोवी लिस्ट’चे संपादक झाले आणि नंतर त्यांनी रियेकातल्याच एका काल्पनिक दैनिकाच्या कार्यालयावर दूरचित्रवाणी मालिका लिहिली.