शुक्राणू शून्य, कारणं अनेक

वीर्यतपासणीच्या अहवालात शुक्राणूंची संख्या ‘शून्य’ आली की बहुतेक पुरुष खचतात. साधारण शंभरातल्या एका पुरुषाच्या बाबतीत असं होतं. पण या शून्यामागची कारणं इतकी वेगवेगळी असतात, की एकासाठी लागू पडलेला उपचार दुसऱ्याला निव्वळ मनस्ताप ठरू शकतो. कारण नेमकं शोधून त्या माणसापुरता उपचार ठरवायचा, ही अचूक वैद्यकाची रीत इथे फार उपयोगी पडते.

सर्वांत आधी पाहायचं ते एवढंच: विहीर आटली आहे, की पाइप तुटला आहे? काही पुरुषांच्या शरीरात जन्मतःच शुक्रवाहिन्या नसतात. वृषणात शुक्राणू व्यवस्थित तयार होतात, पण त्यांना बाहेर यायला वाटच नसते. यामागे बरेचदा सीएफटीआर या जनुकातला दोष असतो. हेच जनुक दोन्ही पालकांकडून सदोष आलं तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. स्वतः पुरुष ठणठणीत असल्यामुळे त्याला याचा पत्ताही नसतो. सुईने शुक्राणू काढून ‘इक्सी’, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. 1992 पासून हे तंत्र हाताशी आहे. मात्र त्याआधी पत्नीच्याही सीएफटीआरची तपासणी व्हायलाच हवी. पुरुषाच्या अहवालापायी पत्नीचं रक्त तपासणं अनेकांना विचित्र वाटतं, पण इथे प्रश्न होणाऱ्या बाळाचा असतो.

विहीरच आटली असेल तर वाय गुणसूत्राकडे पाहावं लागतं. 1976 मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांना, शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गायब असल्याचं दिसलं. पुढे त्या भागाचे ए, बी आणि सी असे तीन पट्टे निश्चित झाले. कुठला पट्टा गळला आहे, यावर सगळं अवलंबून असतं. ए किंवा बी पूर्ण गळला असेल तर वृषणाची शस्त्रक्रिया करून शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. फक्त सी गळला असेल तर सुमारे निम्म्या पुरुषांत ते सापडतात. म्हणजे साध्या रक्ततपासणीने एक निष्फळ शस्त्रक्रिया टळते. ‘काय करू नये’ हे आधीच कळणं मला या शास्त्राची सर्वांत मोठी कमाई वाटते. सी पट्टा गळलेल्या पुरुषाला मुलगा झाला तर तोच दोष त्याच्याकडेही जातो, हे जोडप्याला आधी सांगायला हवं.

एक्स गुणसूत्र जादा असलेल्या क्लाइनफेल्टर पुरुषांना पूर्वी सरसकट ‘मूल होणार नाही’ असं सांगितलं जाई. 1999 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या नलिका धुंडाळण्याचं तंत्र आलं आणि त्यांच्यातल्याही अनेकांत शुक्राणू मिळू लागले.

कधी वृषण निर्दोष असतं, पण मेंदूकडून येणारी संप्रेरकं कमी पडतात. तिथे इंजेक्शनांनी शुक्राणूनिर्मिती सुरू करता येते. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतलेलं टेस्टोस्टेरॉन मात्र ही संप्रेरकं दाबून टाकतं आणि शुक्राणूंची संख्या शून्यावर आणू शकतं! ते बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती पूर्ववत होते, पण त्याला कित्येक महिने लागतात.

एवढं करूनही अनेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. त्यामुळे महागड्या जनुकतपासण्यांची लांबलचक यादी समोर आली, तर तिच्या निकालाने उपचारात नेमका काय फरक पडेल, हे डॉक्टरांना विचारावं.

कुणाला कोणता उपचार द्यायचा, याची अशीच निवड पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगातही करावी लागते. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात, ग्रंथीपुरताच कर्करोग असलेल्या 1,643 पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले गेले आणि काहींवर फक्त नियमित लक्ष ठेवलं गेलं. 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे 3 टक्केच होते. उलट बीआरसीए2 जनुकात दोष असेल तर हाच रोग आक्रमक होण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांत रोग पसरलेला असेल, तर 2020 मध्ये अमेरिकेत यासाठी मान्यता मिळालेलं ओलापॅरिब हे औषध उपयोगी पडू शकतं. हाच जनुकदोष स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या बहिणी आणि मुलींनाही तपासणीचा सल्ला दिला जातो.