भूगोलाचे गुण कशाचे? : शालेय भूगोलातील मूल्यमापनाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा भूगोलाच्या पेपरापर्यंत येऊन थांबली. २३ तारखेचा हा पेपर करोनाच्या साथीमुळे आधी पुढे ढकलला गेला, एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि राज्य मंडळाने इतर विषयांच्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले. त्या दिवसांत याहून वेगळा मार्ग काढणे सोपे नव्हते, हे मान्यच करावे लागेल. तरीही भूगोलाची शाळेत वर्षभर जी नोंद ठेवली जाते, तिच्यापेक्षा भाषा-गणिताची सरासरी अधिक भरवशाची का ठरली, याचे उत्तर बरेच मागे जाऊन शोधावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना निकालाप्रमाणे अनुदान देण्याची पद्धत होती. शिक्षण खात्याचा अधिकारी शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि किती मुले उतरली यावर शाळेच्या पदरात पडणारी रक्कम ठरे. शिक्षकाच्या अध्यापनाची पारख अशी मुलांच्या उत्तरांतूनच होत असल्याने, ज्याबद्दल वाद होऊ शकत नाही असे उत्तर घोटून घेणे सर्वांच्याच सोयीचे होते. आणि भूगोलात तर नद्या, भूशिरे, बंदरे, राजधान्या अशा उत्तरांची रेलचेल. १८८२ मध्ये भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात भूगोलाची तोंडओळख असावी असे सुचवले, पण शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजात शिक्षणप्रसार करण्यासाठी ही निकालाची पद्धत मुळीच योग्य नाही, असेही बजावले. त्यांचा आक्षेप अर्थातच भूगोलापुरता नव्हता.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) परीक्षेचे ओझे नेमके दाखवून दिले : काय शिकवायचे आणि कसे शिकवायचे, हे दोन्ही परीक्षाच ठरवत होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लवकरच ते स्वतः परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळांसाठी भारतात आले. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य हे शब्द पुढे बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी बसले. १९६६ मध्ये राज्य मंडळ आणि १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर अभ्यासक्रम, पुस्तक आणि प्रश्नपत्रिका एका सूत्रात आली. घटक चाचणीआधी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, आखायचा, एकीकडे घटक, दुसरीकडे उद्दिष्टे आणि चौकटींत गुण, ही शिस्त तेव्हापासूनची.

ही शिस्त चांगलीच होती, पण तिच्यात एक पळवाट राहिली. ‘कोकणात भरपूर पाऊस पडतो, पण सह्याद्रीच्या पूर्वेस तो कमी होतो, भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न तक्त्यात उपयोजनाखाली जातो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर पुस्तकात छापलेले, गाइडमध्ये मुद्देसूद मांडलेले आणि वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेले असते. मूल ते आठवून लिहिते आणि उपयोजनाचे गुण स्मरणाला मिळतात. नकाशाच्या प्रश्नाचेही तसेच. छापील आराखडा हातात येतो, त्यात चार-पाच घटक दाखवून सूची करायची, आणि नकाशा दोऱ्याने उत्तरपत्रिकेला बांधायचा. चिन्ह योग्य जागी पडले की गुण मिळतात. मात्र ते बंदर तिथेच का वाढले, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. तपासणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गठ्ठा उपसताना ठिपका दोन शिक्षकांना सारखाच दिसतो, तर्क दिसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अनिवार्य केले आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात त्याचा तपशील ठरला. पहिली-दुसरीत आकारिक (शिकताना वेळोवेळी होणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचे प्रमाण ७० : ३०, तर सातवी-आठवीत ४० : ६०. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही साधने भूगोलासाठीच घडवल्यासारखी होती : ओढ्याचा काठ पाहणे, पावसाची रोजची नोंद ठेवणे, बाजारातला माल कुठून येतो ते विचारणे. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या म्हटल्यावर छापील वाक्यांच्या पुस्तिका हाताशी आल्या आणि ‘नकाशावाचन आवडीने करतो’ हे वाक्य अर्ध्या वर्गाच्या नावापुढे उमटले. मुलांची पातळी तपासण्यासाठी २०१५ मध्ये आलेल्या पायाभूत चाचण्यांनीही सुरुवात भाषा आणि गणितापासूनच केली, त्यामुळे शाळांचे लक्ष तिकडे वळले.

दहावीचे २०१८ चे भूगोलाचे पाठ्यपुस्तक क्षेत्रभेटीच्या पाठाने सुरू होते, ही मला फार मोलाची सुधारणा वाटते. मात्र लेखी परीक्षेत त्या पाठावर प्रश्नावली तयार करा, कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, असेच विचारता येते, आणि शाळेचे फाटक न ओलांडलेला विद्यार्थीही पूर्ण गुण मिळवू शकतो.

२०२१ मध्ये संपूर्ण परीक्षाच रद्द झाली, तेव्हा मात्र शाळेकडच्या नोंदींवर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाला ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकांना २० असे गुण ठरले. आदल्या वर्षी ९५.३० टक्के लागलेला निकाल त्या वर्षी ९९.९५ टक्के लागला.