सील्ड की पोर्टेड? सबवूफरचा बॉक्स घेण्याआधी

गाडीत सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) बसवताना क्वालिटी हवी तर सील्ड, म्हणजे पूर्ण बंद बॉक्स घ्या, दणका हवा तर पोर्टेड, म्हणजे हवा आतबाहेर जायला भोक किंवा नळी (पोर्ट) असलेला, असं सगळेच सांगतात आणि ते अर्धंच खरंय. नीट बनवलेला पोर्टेड मस्त स्वच्छ वाजतो, खराब वाजतो तो अंदाजपंचे कापलेला.

सील्डमध्ये आतली हवा कोंडलेली, तीच स्प्रिंगसारखी कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवरून धरते. बॉक्स लहान लागतो आणि मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. बॉक्समधल्या सबच्या रेझोनन्सच्या खाली त्याचा बेस ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) साधारण १२ डीबीने उतरतो, ऐकायला वाईट वाटतं पण गाडीची बंद केबिन अगदी खालचा बेस आपोआप उचलते त्यामुळे बरीचशी भरपाई होऊन जाते. घरातल्या स्पीकरचे ग्राफ बघून गाडीचा बॉक्स ठरवू नका ते याच्यासाठीच.

पोर्टेडची गंमत डोळ्यांनी दिसते. बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून केलेला असेल, म्हणजे पोर्टमधली हवा त्या फ्रिक्वेन्सीला जोरात घुमत असेल, तर तोच टोन बेताच्या आवाजात लावा, कोन जवळपास हलतच नाही आणि पोर्टसमोर हात धरला तर वारा लागतो, म्हणजे काम पोर्ट करतोय. तेवढ्याच पॉवरमध्ये आवाज जास्त मिळतो तो इथून. पण टोन २० हर्ट्झवर नेला की कोनला आवरणारं काहीच उरत नाही, तो नुसता हेलपाटतो आणि तसाच वाजवत राहिलं तर सब जातो 😅 म्हणून पोर्टेडला अँपवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे टोन अडवणारा) लावायचाच, ट्यूनिंगच्या जरा खाली. शिवाय बॉक्स मोठा, अर्धी डिकी गेलीच समजा, आणि पोर्ट अरुंद ठेवला तर फुसफुस ऐकू येते.

मग घ्यायचा कोणता? आधी सबचा कागद बघा. त्यावरच्या एफएसला (Fs, सबची स्वतःची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी) क्यूईएसने (Qes, त्याच्या इलेक्ट्रिकल डॅम्पिंगचा आकडा) भागा, उत्तर ५० च्या आत आलं तर सील्ड, १०० च्या वर गेलं तर पोर्टेड, मधे आलं तर दोन्ही चालतात, मग डिकीत जागा किती ते बघून ठरवा. आणि तयार पोर्टेड बॉक्स कुठल्या सबसाठी बनवलाय, किती हर्ट्झला ट्यून केलाय हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर माझं मत सरळ सील्ड. पोर्टेड घेतलाच तर पोर्टचं तोंड डिकीच्या भिंतीला चिकटवू नका, निदान पोर्टच्या व्यासाएवढं अंतर सोडा, नाहीतर ट्यूनिंगच बदलतं.